मातीच्या घरात गुलाबाची फरशी

पुण्यातून निघताना माझ्या मांडीवर ओव्हन होता. सामानाचा टेम्पो पहाटेच पुढे गेला होता. सोफा, कपाटं, अविनाशची पुस्तकं, कुंड्या, सगळं मी त्यात बिनधास्त चढवू दिलं, पण ओव्हन नाही. तो जुन्या दुलईत गुंडाळून मी गाडीत पुढच्या सीटवर घेऊन बसले आणि बी-विंगच्या तुम्ही सगळ्याजणी पार्किंगमध्ये उभ्या राहून हसत होतात. "अगं, तिकडे वाघ येतील तुझा केक खायला," असं कोणीतरी म्हणालं. मीही हसले. निघताना रडायचं असं मी ठरवून ठेवलं होतं, ते जमलंच नाही. घर सोडताना माणसं मागे वळून बघतात म्हणे. आमची गाडी अजून गेटबाहेरही पडली नव्हती आणि मी पुढच्या काचेतून पुढे बघत बसले होते.

हे लिहिते आहे ते तुमच्यासाठी, आणि वरोऱ्याच्या माझ्या त्या मैत्रिणींसाठीही, ज्या माझ्यासारख्याच बारावीनंतर रेल्वेत बसल्या आणि पुणे, हैदराबाद, त्याहून पुढे कुठे कुठे जाऊन राहिल्या. कारण मी घर दोनदा सोडलं. दुसऱ्यांदा पुण्याहून इकडे, सिंदेवाहीजवळच्या गावात, ते हसत. पहिल्यांदा वरोऱ्याहून पुण्याला, तेव्हा मात्र रडून रडून नाक लाल झालं होतं. त्या वेळी स्टेशनवर आईनं डब्यासोबत एक गुंडाळी हातात दिली. तिच्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्यांची वेणी घालून तिनं केलेलं गोल पायपुसणं होतं ते. "जिथी राहशील तिथी दारात टाक," एवढंच म्हणाली. इतरांच्या आया लाडू देतात, आमच्या आईनं पायपुसणं दिलं, म्हणून मी पार वर्ध्यापर्यंत रुसून बसले होते.

"पाय पुसून ये" हे आईचं आवडतं वाक्य. मी शाळेतून आले की, पाहुणे आले की, बाबा जिनिंगमधून अंगावर कापसाचे तंतू घेऊन आले की, सगळ्यांना तेच. पुण्यात प्रत्येक घराच्या दारात मी ते पायपुसणं टाकलं. होस्टेलच्या खोलीत, भाड्याच्या वन रूम किचनमध्ये, आणि शेवटी आठव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये. पाय पुसून ये म्हणणारं मात्र तिथे कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लिफ्टमधून येणाऱ्या माणसाच्या पायाला पुसण्यासारखं काही लागतही नाही.

अविनाश भातावर काम करतो. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात त्याला जागा मिळाली तेव्हा त्यानं मला घाबरत घाबरत विचारलं, "तुला चालेल का गं?" मी तोवर मनातल्या मनात पडदेसुद्धा निवडले होते. माझं डिझाइनचं काम नेट असलं की कुठूनही होतं. अंगण, झाडं, स्वतःच्या हातानं सजवलेलं घर, खिडकीत गार होत ठेवलेला पाव, अशी चित्रं मी वर्षानुवर्षं फोनमध्ये साठवून ठेवली होती. पण त्याहून मोठं कारण वेगळं होतं. बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि आई वरोऱ्याच्या घरात एकटी होती. गच्चीच्या जिन्यावर तिचा एकदा पाय घसरला होता, तेही शेजारणीकडून कळलं. पुण्याला ती येईना, लिफ्टमध्ये जीव गुदमरतो म्हणायची. वरोऱ्याहून सिंदेवाही म्हणजे चिमूरवरून अर्ध्या दिवसाची एसटी. आता तर आई आपल्याकडे येऊनच राहील, या हिशेबानं मी ओव्हन मांडीवर घेतला होता.

घर मिळालं ते सुमनबाईंचं. सुमनबाईंचं कुटुंब नुकतंच शेजारच्या नव्या स्लॅबच्या घरात राहायला गेलं होतं आणि जुनं मातीचं घर रिकामं पडलं होतं. हातभर जाड भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, पुढे सपरी म्हणजे आपली ओसरी, मागे परसाच्या वाडीत शेवगा, पपई आणि एक भलामोठा मोह. मी बघताक्षणी हो म्हटलं. सुमनबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"आमी जेतून निंगालो तेतच तुमी येऊन राह्यले? काऊन जी?"

"आवडलं मला," मी म्हटलं.

"पुण्यात घरं नाई काय?"

अविनाशला हसू आवरेना. पुण्यात घरं आहेत, भिंती नाहीत, असं काहीतरी शहाणपणाचं मी बोलले असेन. सुमनबाईंनी मान हलवली आणि किल्ली दिली. वाघ फिरतो, संध्याकाळनंतर नाल्याकडे जायचं नाही आणि वाडीत एकटं बसायचं नाही, एवढं मात्र दोनदा बजावलं.

आणि मग बायांनो, मी जी सुटले! पहिले काही आठवडे मी दुसरं काही केलंच नाही. पडलेले पोपडे काढले, भेगा चिखलानं बुजवल्या, सुमनबाईंकडून पांढरी माती मागून आणली, भिजवली, फडक्यानं भिंतींना हात दिला. ओली असताना ती राखाडी दिसते, मन खट्टू होतं. दोन तासांनी बघावं तर भिंत दुधासारखी पांढरी. मी फोन करून अविनाशला ऑफिसातून बोलावलं होतं ते बघायला, आणि तो वेडा आलाही. खाली गेरूचा पट्टा काढला. भिंतीतल्या देवळीत, जिथे सुमनबाई कंगवा आणि तेलाची बाटली ठेवायच्या, तिथे मी मसाल्याच्या बरण्या लावल्या. बुरडाकडून बांबूच्या टोपल्या आणून उलट्या टांगल्या आणि आत दिवे सोडले, की भिंतीवर जाळीची नक्षी पडते. माझ्या दोन रेशमी साड्यांचे पडदे झाले. धानाच्या लोंब्यांचं तोरण दारावर बांधलं, ते चिमण्यांनी तीन दिवसांत फस्त केलं, मग परत बांधलं. पूर्वेकडची खोली सगळ्यात देखणी झाली. सकाळचं ऊन खिडकीतून थेट सारवलेल्या जमिनीवर यायचं आणि बोटांच्या अर्धगोलांची सगळी वळणं उठून दिसायची. ते सारवण मी स्वतः केलं होतं. शेणात हात घालताना पहिल्यांदा नाक मुरडलं, नंतर असा काही हुरूप आला की मी सपरी, अंगण, मागचं दार, सगळं सारवत सुटले. ती पूर्वेची खोली मी आईसाठी राखून ठेवली होती.

फोटो काढले आणि आधी आईला पाठवले. बराच वेळ दोन निळ्या रेघा, उत्तर नाही. मग तिच्या आवाजातला निरोप आला, फोन तोंडाशी धरून बोलल्यासारखा.

"हे शेणानं सारवलं वं तू? आपल्या हातानं? अन् वरून फोटो काढून मले दाखवून राह्यली? मले वाटलं पुण्यात राहून पोरगी सुधारली."

मी हसत हसत अविनाशला ऐकवलं. लगेच दुसरा निरोप आला. "त्या घरात माझा पाय पडनार नाई. सांगून ठेवतो." आमच्याकडे बायाही तावात आल्या की "सांगून ठेवतो" म्हणतात. आई ते म्हणाली की विषय संपला, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तेव्हा मात्र वाटलं, रागात बोलली, येईल.

इकडे ओव्हनचं वेगळंच नाटक चाललं होतं. पुण्यात बटण दाबलं की तो बिचारा गुणगुणायला लागायचा. इथे संध्याकाळी व्होल्टेज इतकं खाली जायचं की आतला दिवा मिणमिणायचा आणि केकचं पीठ तासभर कोमट पडून राहायचं. अविनाशनं त्या पदार्थाला "उबदार खीर" असं नाव दिलं. मला तर काहीतरी भाजायचंच होतं. मग आठवले पानगे. वरोऱ्यात थंडीत बाबांची फर्माईश असायची. कणकेत गूळ आणि बडीशेप घालायची, जाडसर थापायचं, पळसाच्या पानांत दाबायचं आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ठेवायचं. पान जळतं, आत पानगा खमंग होतो. हा काय बेकिंगहून वेगळा प्रकार आहे? ओव्हन तोच, फक्त पानाचा. मी वाडीत गोवऱ्या पेटवल्या. पळस जरा लांब होता, आणि बांधावर सागाच्या तोडलेल्या बुंध्याला कोवळे फुटवे आलेले, एकेक पान सुपाएवढं. मला वाटलं, पान ते पान. छान गुंडाळले, छान भाजले, उघडले तर प्रत्येक पानगा लालभडक. माझे हातही लाल. मला वाटलं कुठेतरी कापलं. मी जी किंचाळले, ती ऐकून सुमनबाई कुंपण ओलांडून धावत आल्या.

"बाप्पा! सागाच्या पानात केले काय जी? कोवळं सागपान चोळलं का रंगच निंगते ना! आमी लहानपणी होटाले लावत होतो लाली म्हनून."

आणि त्या वाडीतच बसून डोळ्याला पदर लावून हसल्या. सुमनबाई मला बहीण वाटू लागल्या त्या तिथून. लाल पानगे आम्ही दोघींनी वरणात बुडवून खाल्ले, अविनाशनं ते केंद्रात डब्यात नेले आणि तिथे त्याला कोणी विचारलं की वहिनींनी बीट घातलं का. पुढच्या खेपेला सुमनबाईंनी पळसाची पानं स्वतः आणून दिली. आता माझे पानगे गावात नावाजलेले आहेत. हो, मी स्वतःच सांगते आहे, तुमच्यापर्यंत दुसरं कोण पोचवणार?

आई मात्र येईना. दिवाळीला म्हणाली गुडघे दुखतात. संक्रांतीला म्हणाली मोगऱ्याला पाणी कोण घालील. मीच वरोऱ्याला जाऊन तिला आणायचं ठरवलं. ती मला बघून खूश झाली, वांग्याची भाजी केली, आणि पिशवी भर म्हटल्यावर भांडी घासायला निघून गेली. मी मागोमाग गेले. किती सुंदर घर आहे, भिंती कशा गार राहतात, उन्हाळ्यात पंखासुद्धा लागणार नाही, असं सगळं मी तिला विकल्यासारखं सांगत होते. आईनं नळ बंद केला.

"मले सांगू नको मातीचं घर कसं राह्यते ते," ती म्हणाली. "तू हौसेनं हात घालून राह्यली. माह्या हाताले कोनी विचारलं होतं काय?"

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मी तशीच एकटी परतीच्या बसमध्ये बसले. चिमूरपर्यंत डोळे पुसत होते. माझं घर आईला आवडलं नाही याचं वाईट वाटत होतंच, पण ती आता कधीच येणार नाही, असंच म्हातारपण काढेल आणि पुन्हा पाय घसरला तर पुन्हा शेजारीणच मला सांगेल, ही भीती त्याहून मोठी होती.

त्या आठवड्यात सुमनबाईंनी मला त्यांच्या नव्या घरी चहाला बोलावलं. इतके दिवस त्याच माझ्याकडे यायच्या, मी त्यांच्या अंगणाच्या पुढे कधी गेलेच नव्हते. आत पाय टाकते तर पायाखाली चकचकीत टाइल्स, फिकट गुलाबी, मधोमध मोठं फूल. तुमच्यापैकी कोणी पाहिल्या असत्या तर डोळे मिटून घेतले असते. मीही मनात तेच केलं. सुमनबाई चहा घेऊन आल्या, माझ्या पायाजवळ सांडलेला एक थेंब त्यांनी पदरानं पुसला आणि त्या जागेवरून तळहात फिरवला, सावकाश, दोनदा.

"पोपडे निंगत नाई, धूळ उडत नाई," त्या म्हणाल्या. "सकाळी उठलं का पुसाचं अन् झालं. मले तर अजून खरंच वाटत नाई जी."

आणि मला एकदम आमच्या वरोऱ्याच्या घरातली ती दुपार आठवली. मी सातवीत होते. त्याच्या आधी आमचंही घर मातीचंच होतं. दिवसाआड सारवण, थंडीत आईच्या बोटांची टोकं फुटलेली, त्यात शेण जायचं, आणि तशा बोटांनी ती भाकरी थापायची. मग बाबांनी स्लॅब टाकला, आणि सगळ्यात शेवटी फरशी बसली, पांढरी, आत काळे-तांबडे खडे असलेली. पॉलिशचं यंत्र घरघर करून निघून गेलं, आईनं फरशी पुसली, सुकू दिली, परत पुसली. मी शाळेतून आले तर दारातूनच "पाय पुसून ये". पाय पुसून आत गेले, तर आई चटई न टाकता, उशी न घेता, उघड्या फरशीवर गाल टेकून आडवी झाली होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि हाताचा पंजा फरशीवर पसरलेला होता. मी विचारलं, बरं नाही का? "लय बरं आहे," ती म्हणाली.

पाय पुसून ये हे वाक्य त्या दिवसापासूनचं. त्याआधी मातीच्या घरात ते कोण कशाला म्हणेल? मी सुमनबाईंचा चहा अर्धा टाकून उठले आणि पळत घरी आले. अविनाशला म्हटलं, पूर्वेच्या खोलीत टाइल्स बसवायच्या. त्यानं विचारलं, "त्याच खोलीत? तुझं सारवण?" त्याच खोलीत, म्हटलं. सुमनबाईंना विचारलं, घर तुमचंच, चालेल ना? त्या इतक्या खूश झाल्या की मिस्त्रीसुद्धा त्यांनीच बोलावला, त्यांचा मावसभाऊ, गजूभाऊ.

सिंदेवाहीच्या दुकानात मी पहिल्यांदा सवयीनं मातकट, खडबडीत, न चमकणाऱ्या टाइल्स हातात घेतल्या. मग त्या ठेवल्या आणि दुकानदाराला म्हटलं, "भाऊ, तुमच्याकडची सगळ्यात चमकणारी दाखवा." त्यानं आनंदानं गुलाब काढले. लालचुटुक गुलाब, हिरवी पानं, सोनेरी कडा, आणि चमक अशी की त्यात स्वतःचं नाक दिसावं. मी इतकी वर्षं लोकांना रंगसंगती शिकवते! तरी सांगते, तो गुलाब हातात घेऊन मला जो आनंद झाला तो एकाही पडद्यानं दिला नव्हता. गजूभाऊंनी जमीन खोदली, मुरूम दाबला, वर सिमेंट टाकलं. माझे अर्धगोल गेले. थोडं वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू?

टाइल्स बसल्यावर मी आईला फोटो पाठवला. पांढऱ्या भिंती नाहीत, टोपलीचे दिवे नाहीत, पडदे नाहीत. फक्त फरशी, खिडकीतून ऊन पडलेली. उत्तर लगेच आलं.

"बाजूनं पट्टी लावली काय भिंतीले? नाई तं पुसतानी पानी भिंतीत जाते."

गजूभाऊ अजून सामान बांधतच होते. त्यांना मी हात धरून थांबवलं. पट्टी लागली. पट्टीचा फोटो गेला. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "पाडव्याच्या आधी येतो. स्टँडवर ये म्हना जावाईबापूले. अन् पोछा मी माह्याच आनतो."

आई खरोखरच पोछा घेऊन आली. एसटीतून आधी पोछ्याची काठी उतरली, मग आई. अंगणात आल्यावर तिनं सारवणाकडे अशी नजर टाकली की मी अविनाशच्या मागे झाले. सपरीत चप्पल काढेना. मधल्या खोलीतून चपलेसकट, पदर सावरत, टाचा उचलून चालली. पूर्वेच्या दारात थांबली. तिथे मी तेच जुनं पायपुसणं टाकलं होतं, पट्ट्यांचे रंग पार उडालेले. आईनं ते पाहिलं. माझ्याकडे बघितलं नाही. चप्पल काढली, दोन्ही पाय नीट, टाचांसकट पुसले, आणि आत गेली. वाकून एका गुलाबावर तळहात ठेवला.

"बरी आहे," म्हणाली. आईच्या तोंडून बरी म्हणजे काय हे ज्याला कळतं त्यालाच कळतं. मला रडू आलं आणि मी ते सरळ रडले. पुण्यातून निघताना राहून गेलेलं सुद्धा त्यातच उरकून घेतलं.

आई सारवण करत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तुमच्यापैकी दोघीतिघींनी फोनवर विचारलं की आता आई तुला पारंपरिक पद्धती शिकवत असेल ना. अजिबात नाही. माझे हात शेणात दिसले की ती तोंड फिरवून आपल्या खोलीत जाते. तिला काय आवडलं सांगू? ओव्हन! अविनाशनं स्टॅबिलायझर आणून बसवला आणि ती बटणं आईच्या ताब्यात गेली. मी लहान असताना दिवाळीच्या आधी ती रवा, मैदा, साखर, डालडा घेऊन बेकरीत जायची, नानकटाई भाजून आणायला. डब्यावर खडूनं आपलं नाव लिहायचं आणि आपला पत्रा, म्हणजे भट्टीतला ट्रे, दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून भट्टीसमोर ताटकळत उभं राहायचं. भट्टीच्या आत काय चाललंय ते कधी दिसायचं नाही. आता काचेतून दिसतं. स्टूल टाकून ती ओव्हनसमोर बसते आणि नानकटाईला भेग पडली की हाक मारते, "मंजू, फुटली वं, फुटली!" पाडव्याला तिनं वेलचीचा केक केला. त्यावर बदाम लावले, ते अगदी फरशीवरच्या गुलाबासारखे मांडले. सुमनबाई आणि ती रोज दुपारी त्या खोलीत बसून मातीच्या घरांची मनसोक्त निंदा करतात. मधूनमधून माझ्याकडे बघून दोघी मान हलवतात. मी बाहेर निखाऱ्यावर पानगे भाजते, आई आत ओव्हनमध्ये केक. दोघींनी एकमेकींच्या जागा बळकावल्या आहेत आणि दोघीही सोडायला तयार नाहीत.

मोगऱ्याची कुंडी वरोऱ्याहून आली. मग शिलाई मशीन. मग बाबांचा फोटो, तो पूर्वेच्या भिंतीवर लागला. राहायला आलेय असं ती अजून म्हणत नाही, "चार दिवस आहो" म्हणते, आणि पहिला पाडवा जाऊन आता दुसरी थंडी आली.

तुम्ही विचारता, पुण्याची आठवण येत नाही का? येते. तुमची येते, आपल्या बेकिंगच्या रविवारांची येते, पार्किंगमधल्या गप्पांची येते. वरोऱ्याचीही येते. पण घर कुठे, असं कोणी विचारलं तर पूर्वी मला थोडा विचार करावा लागायचा, तो आता लागत नाही.

काल दुपारचीच गोष्ट. अंगणाचा एक कोपरा उखडला होता, तो सारवून मी उठले. कोपरापर्यंत शेण, पाय चिखलात. पानगे निखाऱ्यावर होते, मागून त्यांचा वास येत होता. आईला ताजा पानगा हवा का विचारावं म्हणून पूर्वेच्या दाराशी गेले. आई फरशीवर आडवी झाली होती. चटई नाही, उशी नाही, गुलाबावर गाल टेकलेला, पंजा पसरलेला. मला वाटलं झोपली आहे. मी हळूच एक पाय उंबऱ्याच्या आत टाकायला गेले.

"पाय पुसून ये," आई डोळे न उघडता म्हणाली.

मी पाय पुसले आणि आत गेले.